सहा चाकांचे तांडेल

तांडेल कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक टायरला हाताची उलटी बाजू लावून बघत. ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघतात तसं. गाडी कुणाची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. टॅक्सी असो की मालकाची नवी कोरी गाडी असो, फेरी ठरलेली. एकदा यार्डात शिडीवरून पडलेल्या सुताराला न्यायला ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर आत सरकेपर्यंत तांडेल तिच्या सगळ्या चाकांना हात लावून मोकळे झाले होते आणि ड्रायव्हरला सांगत होते, "मागचा डावा बदलून घे. पण आधी याला पोचव."

हे यार्ड सौदीतल्या यान्बूचं. शहराच्या एका टोकाला, समुद्राकाठी. हौशी लोकांच्या बोटी तिथं दुरुस्तीला येत आणि विकल्या गेलेल्या बोटी ट्रेलरवर चढवून जेद्दाला वगैरे पोचवल्या जात. माझा नवरा रिफायनरीत, मुलगी शाळेत. दिवसभर घरात बसून कंटाळा आला म्हणून मी त्या यार्डाच्या ऑफिसात काम धरलं. पहिल्या दिवशी मी फोनवर माझ्या आईशी बोलत होते. फोन ठेवला तर दारात एक उंच, मेंदीनं लाल केलेल्या दाढीचा माणूस उभा. "मिरजेकडची काय गो तू?" त्यांनी विचारलं. बोलण्यावरून त्यांनी मुलूख ओळखला होता आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता. ते स्वतः श्रीवर्धनच्या बाजूचे. घरी त्यांची कोकणी बोली, पण सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे माझ्याशी शाळेतली मराठी बोलत, आणि अधूनमधून "गो बाय" घालत. वडील-आजोबा मचव्यावरचे तांडेल, म्हणजे नाखवे होते, म्हणून सगळं यार्ड त्यांना तांडेलच म्हणे. सुदानी वेल्डरसुद्धा. मी चाचा म्हणत असे.

खरं तर समुद्रावर त्यांनी फारसं काही केलं नव्हतं. तरुणपणीच सौदीला आले ते ड्रायव्हर म्हणून आणि ड्रायव्हरच राहिले. ट्रेलर ओढायची जी मोठी अमेरिकन पिकअप यार्डात होती ती त्यांच्या ताब्यात. पुढं दोन चाकं, मागं प्रत्येक बाजूला जोडीनं दोन-दोन, अशी एकूण सहा. मागच्या चाकांसाठी तिचे पत्रे बाहेर फुगवलेले होते, त्यामुळे ती कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखी दिसे. तिचा आरसा दुसऱ्या कुणी हलवलेला तांडेलांना खपत नसे. तिला मागं घेताना ते कुणाला हात दाखवायला उभं करत नसत. शेवाळानं बुळबुळीत झालेल्या उतारावरून ट्रेलर पाण्यात सोडायचा, त्यावर बोट घ्यायची आणि तसंच वर ओढून आणायचं, हे काम बघायला किनाऱ्यावरची माणसं थांबत. माणसं थांबली की तांडेल काम आणखी सावकाश करत.

टायरखेरीज इतर सगळ्या विषयांतही त्यांची मतं तितकीच ठाम असत आणि बहुतेक वेळा चुकीची. फुटबॉलच्या मॅचचा निकाल ते आदल्या दिवशी सांगत आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलत नसत. माझ्या मुलीच्या खोकल्यावर त्यांनी सांगितलेल्या उपायानं तिला उलट्या झाल्या. धुळीचं वादळ येणार नाही असं त्यांनी म्हटलं की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. याचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. "माणसानं बोलावं," ते म्हणत. "गप्प बसणारा बरोबर असतो असं कुठाय?"

मालकाला आम्ही मुदीर म्हणत असू. तरुण सौदी, शिकलेला, स्वभावानं मऊ. वडिलांनी यार्ड त्याच्या हाती दिलं तेव्हा तांडेलही त्याबरोबरच आले होते, त्यामुळे तो त्यांना जरा बिचकून असे. दोघं एकमेकांशी अरबी आणि उर्दूच्या खिचडीत बोलत.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या पिकअपची मागची चारही चाकं झिजली. तांडेल महिनाभर मुदीरच्या मागं लागले होते. मग एक दिवस एका गाडीतून चार टायर आले. मुदीरच्या मेव्हण्याचं टायरचं दुकान होतं, तिथून. काळेभोर, चकचकीत, वर नवेपणाची रबरी लव तशीच. तांडेल उकिडवे बसले आणि त्यांनी टायरच्या कडेवर कोरलेले आकडे बोटानं पुसून वाचले. टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते तिथं लिहिलेलं असतं. हे मलाही त्यांनीच केव्हातरी दाखवलं होतं.

"मुदीर," ते उठत म्हणाले, "ये टायर मेरी पोती से बडा है. वो स्कूल जाती है."

दुकानात कित्येक वर्षं पडून राहिलेले टायर होते ते. त्यातून दोन एका कंपनीचे आणि दोन दुसरीचे. नंबर एकच होता, पण उभे करून शेजारी ठेवले की एक जोडी दुसरीपेक्षा अंगठाभर उंच. आणि फिटरनं ते लावायला घेतले ते बाजूबाजूला एक उंच, एक बुटका असे, बाहेरून दोन्हीकडची नक्षी सारखी दिसावी म्हणून. तांडेलांनी तिथंच सांगितलं, जोडीत एक उंच असला की सगळं ओझं त्याच एकावर पडणार, तो तापणार, आणि हे रबर आधीच वाळलेलं.

मुदीरनं सगळं ऐकून घेतलं. मग तो मला ऐकू जाईल इतपतच हळू म्हणाला, "मला माहीत आहे, तांडेल. मला दिसतंय. पण ते परत पाठवले तर माझी बायको माहेरी काय तोंड दाखवेल?"

माहीत सगळ्यांनाच होतं. फिटरला माहीत होतं, वेल्डरला होतं. तांडेल म्हणाले, "तर मग मी नाही चालवणार." किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि यार्डात जाऊन दोर गुंडाळायला लागले. मुदीर त्यांना कामावरून काढून गावी पाठवू शकला असता. तो इतकंच म्हणाला, "खलास. गुलबाझ चालवेल."

गुलबाझ पेशावरकडचा. तांडेलांच्या खोलीतच राहायचा. स्वयंपाक दोघांचा एकत्र. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्याचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, मुदीरनं त्याच महिन्यात नवा करून द्यायचा होता. तो नाही म्हणणं शक्य नव्हतं. मला वाटलं, आता खोलीत अबोला होणार. पण ज्या दिवशी गुलबाझ पहिल्यांदा बोट घेऊन जेद्दाला निघाला त्या दिवशी तांडेल लवकर उठून त्याच्यासाठी पराठे करून घेऊन आले. पराठे खिडकीतून आत दिले, सहाही चाकांना हात लावला, आणि ट्रेलर फाटकाबाहेर पडल्यावर यार्डातल्या लहान पिकअपमध्ये बसले. मागं त्यांनी जॅक, पाण्याचे कॅन आणि आग विझवायचा सिलिंडर टाकला होता.

"कुठं निघालात चाचा?" मी विचारलं.

"जेद्दाला."

"तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"चालवणार नाही म्हटलं गो. मागून जाणार नाही असं कुठं म्हटलं?"

ते जेद्दापर्यंत गेले, बोट उतरताना दुरून उभे राहिले आणि गुलबाझच्या मागोमाग परत आले. दुसऱ्या खेपेलाही तेच. मुदीरनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. गुलबाझला मात्र याचा राग यायचा. "चाचा, लोग हंसते हैं," तो म्हणे. "मैं बच्चा हूं क्या?" तांडेल म्हणत, "मैं तेरे पीछे नहीं आता. टायर के पीछे आता हूं."

त्यानंतरच्या एका खेपेला मीही होते. जेद्दात बोट ताब्यात देताना ऑफिसचं कुणीतरी सही करायला हवं होतं, आणि मोठ्या गाडीपेक्षा तांडेलांबरोबर लहान गाडीत जाणं मला सोयीचं वाटलं. सकाळी निघालो. दहा वाजायच्या आतच डांबरावर पाणी दिसायला लागलं, पोचता पोचता नाहीसं होणारं. पुढं बोट, तिच्या पुढं पिकअपचं फुगीर ढुंगण. तांडेल माझ्याशी बोलत होते, पण एकदाही माझ्याकडं बघत नव्हते. डोळे पुढच्या गाडीच्या मागल्या चाकांवर. मी म्हटलं, इतकं काय बघता? काही झालं तर गुलबाझला कळेलच की.

"नाही कळत," ते म्हणाले. "त्यातच तर घोटाळा आहे. आतलं चाक बसलं तर बाहेरचं त्याचं वजन उचलतं. गाडी तशीच चालते. चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. मागच्याला दिसतं."

वाटेतल्या राबिगच्या पुढं, दुपार व्हायच्या सुमाराला, ते बोलता बोलता थांबले. मला काही दिसलं नाही. मग दिसलं: डाव्या बाजूच्या जोडीच्या फटीतून बारीक निळसर धूर. आधी वाटलं धूळच आहे. तांडेलांनी दिवे मारले, हॉर्न दाबून धरला. गुलबाझला वाटलं असणार, म्हातारा घाई करतोय. त्यानं बाजूला होऊन हातानं पुढं जा अशी खूण केली. मी त्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"बाय, पट्टा घट्ट धर," तांडेल म्हणाले, आणि त्यांनी ती जुनी गाडी अशी काही दामटली की दारं थरथरायला लागली. ट्रेलरच्या बाजूनं, मग त्या तापलेल्या चाकांच्या अगदी शेजारून आम्ही गेलो. रबर जळल्याचा वास आत भरला. गुलबाझच्या खिडकीशी आल्यावर त्यांनी डोक्याचा रुमाल काढून मला दिला, "हलव, हलव." मी अर्धी बाहेर वाकून तो हलवला आणि चाकाकडं बोट दाखवलं. गुलबाझचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यानं ब्रेक दाबला नाही, हे नशीब. गाडी हळूहळू मंदावत कडेच्या वाळूकडं नेली. ती थांबायच्या बेतात असतानाच बाहेरचा टायरही फुटला. बोट एका अंगाला कलली, ट्रेलर करकरला, आणि सगळं उभं राहिलं.

तोवर आतल्या टायरनं पेट घेतला होता. तांडेल सिलिंडर घेऊन धावले. त्यांच्या वयाचा माणूस असा धावू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. सिलिंडर रिकामा झाला तरी मधूनच ज्वाळा वर येत होती, त्यावर त्यांनी आणि गुलबाझनं कॅन ओतले, मग ओंजळीनं वाळू. वरच डिझेलची टाकी होती. हे मला नंतर कळलं. त्या दोघांना तेव्हाच माहीत होतं. आग विझली तेव्हा तांडेलांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाली होती.

गुलबाझ वाळूत बसला. तांडेलांनी थर्मासमधला चहा ओतून त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. टायरबद्दल, मुदीरबद्दल, कुणाबद्दल काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "बेटी की शादी का जोडा सिला क्या?" गुलबाझ हो म्हणाला आणि मग रडला.

मुदीरला फोन तांडेलांनीच केला. "आदमी सलामत, बोट सलामत, टायर खलास," इतकंच.

मुदीर यान्बूहून स्वतः आला. त्यानं काळं पडलेलं चाक बघितलं, मग तांडेलांचा हात. आधी त्यांना राबिगच्या दवाखान्यात नेलं, हाताला पट्टी बांधून घेतली. बोट दुसऱ्या गाडीमागं पुढं गेली, तिची सही मी जेद्दात पोचल्यावर केली; पिकअपही उचलून जेद्दालाच नेली. दवाखान्याच्या दारात मुदीर म्हणाला, "तांडेल, आज तुम्ही निवडाल ते. सगळे सहा."

जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या एका टायरच्या दुकानात तांडेलांनी संध्याकाळपर्यंतचा सगळा वेळ घेतला. दुकानदार येमेनी, बोलका. त्यानं सगळ्यात आधी रुंद, खडबडीत दातांचे टायर पुढं आणले, वाळवंटात पळवायच्या गाड्यांना असतात तसे. गुलबाझचे डोळे चमकले. तांडेलांनी ते बाजूला सारले: हे फोटोला बरे, डांबरावर गुरगुरतात आणि झिजतात. मग दुकानदारानं अगदी गुळगुळीत, हायवेचे दाखवले. तेही नकोत, शेवाळाच्या उतारावर घसरतील. पाहिजेत ते मधले. मग मधल्यांत कुठले, यावर तासभर. कडेवरचा वजनाचा आकडा वाचला, ट्रेलरसकट बोटीचं वजन तोंडानं जुळवलं. बनल्याची तारीख वाचली, आणि एकाची वाचून समाधान नाही, सहाही टायर फिरवून वाचले. एक जुना निघाला, तो परत पाठवला. पुढच्या दोन चाकांनाही तेच टायर हवेत, म्हणजे पुढंमागं अदलाबदल करता येते. आतल्या चाकात हवा भरायला नळी लांब हवी. आखूड असली की लोक कंटाळा करतात आणि आतल्याची हवा कुणी बघत नाही. लावून झाल्यावर जोडीच्या मधल्या फटीत त्यांनी पट्टी नसलेल्या हाताची मूठ घालून पाहिली. टायर एकमेकांना घासता कामा नयेत.

येमेनी वैतागून म्हणाला, "हाजी, टायर घेतोस की सून शोधतोस?"

"सून माझ्या बायकोनं शोधली," तांडेल म्हणाले. "त्यात मला कुणी विचारलं नाही."

मुदीर हसला. त्या दिवसात पहिल्यांदा. पण बाहेर आल्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला. "आता घरी काय सांगू?"

"सांगा, तांडेल वेडा आहे," तांडेल म्हणाले. "म्हातारा झालाय, दुसऱ्यानं निवडलेलं त्याला चालत नाही, हट्टानं टायर फेकून दिले. आग लागली ती सांगू नका. उगाच त्यांच्याही घरात झोप नको उडायला."

मुदीरनं तसंच सांगितलं. त्यानंतर तो मेव्हणा यार्डात आला की सगळ्यांना सलाम करी, तांडेलांना सोडून. ईदला त्यानं सगळ्यांसाठी खजुराचे डबे पाठवले, त्यात तांडेलांचा नव्हता. गुलबाझनं आपला डबा त्यांच्यापुढं ठेवला. तांडेल एक खजूर खाऊन म्हणाले, "टायरपेक्षा ताजा आहे."

पिकअपची किल्ली मुदीरनं त्यांना परत देऊ केली होती. त्यांनी घेतली नाही. गुलबाझ चांगला चालवतो, त्याला राहू दे, म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही, कारण गुलबाझ मागं घेताना चुकला की यार्डाच्या दुसऱ्या टोकावरून तांडेलांचं ओरडणं ऐकू यायचं. हात बरा झाला होता, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. स्टिअरिंग धरताना दुखत असेल. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी कायमचं जायचं ठरवलं. मुदीरनं थांबवून पाहिलं. तांडेल म्हणाले, बायकोनं सगळा संसार फोनवर केला, आता तिला समोर बसून भांडायचं आहे. निघायच्या दिवशी जेवणं झाली, भाषणं झाली नाहीत. मुदीरनं त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, वडीलधाऱ्यांचं घेतात तसं. गुलबाझ विमानतळावर पोचवायला गेला.

सुरुवातीला त्यांचे फोन वरचेवर येत. गावातला नवा रस्ता, नातीचे मार्क, नारळांना लागलेली कीड. मग जरा कमी झाले. एकदा मीच केला तर नेहमीचा मोठा आवाज नव्हता. सगळं बरं आहे म्हणाले. घर चांगलं आहे, पोरगं काळजी घेतं, सून चांगली आहे. पोरानं नवी गाडी घेतली. "छान आहे गाडी," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "इथं मला कुणी काही विचारत नाही गो बाय."

बाहेर नवरा आमची गाडी धूत होता. आदल्याच आठवड्यात त्यानं चारही टायर नवे घालून आणले होते. मुलगी पायरीवर बसून त्याला हिंदीत काहीतरी सांगत होती.

"चाचा," मी म्हटलं, "बरं झालं फोन लागला. आमच्या गाडीचे टायर बदलायचे आहेत. यांना काही समजत नाही त्यातलं. कुठले घेऊ?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गाडी कुठली? चालते किती? आणि उन्हात उभी असते की सावलीत?" आवाज वर चढत गेला. मागून त्यांची बायको काहीतरी विचारत होती; "थांब गं, कामाचं बोलतोय," त्यांनी तिला गप्प केलं. मग सविस्तर सुरू झाले. मी मध्ये मध्ये हो म्हणत राहिले. नवऱ्यानं खिडकीतून डोकावून खुणेनं विचारलं, काय चाललंय? मी त्याला हातानं थोपवलं.

"लिहून घेतेस ना?" तांडेलांनी विचारलं.

"घेते," मी म्हटलं. "जरा हळू सांगा."